प्लॉट नंबर दोनचं गवत

कॅलाबिनच्या औद्योगिक वसाहतीत प्लॉट चौदा, आणि त्यांतल्या तेरा प्लॉटांवर गवत. उरलेल्या एकावर, म्हणजे नंबर एकवर, मर्व्ह ट्रेलोरचा कारखाना. बाकी थाट सगळा होता. डांबरी रस्ता, दिव्यांचे अठरा खांब, पाण्याची लाइन, उच्च दाबाची वीज, आणि हमरस्त्यावर गावच्या पाटीपेक्षा मोठा फलक : ‘उद्योजकहो, कॅलाबिन तुमची वाट पाहतंय!’ वाट पाहून पाहून फलकाचा निळा रंग पांढरा झाला होता. एकोणीस वर्षांत त्या हाकेला ओ दिली ती एकट्या मर्व्हने, आणि तोही काही बाहेरून आला नव्हता. मेन स्ट्रीटवरच्या बापाच्या गॅरेजमधून दीड किलोमीटर इकडे सरकला होता, एवढंच. त्यामुळे मर्व्ह उद्योजक आहे हे गावाच्या कधी लक्षातच आलं नाही.

मर्व्ह गव्हाच्या कापणीसाठी लोखंडी कोठ्या बनवायचा, चाकांवरच्या, शेतातल्या शेतात ओढत न्यायच्या. हाताखाली अकरा माणसं. त्याची कोठी चारशे किलोमीटरच्या परिसरात ओळखली जायची, कारण ती गळत नसे. पण हे कुणी त्याच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. कॅलाबिनात आपल्या मालाची तारीफ करणाऱ्या माणसाकडे लोक काळजीने बघतात. याचं नक्की काहीतरी बिघडलंय असं धरून चालतात. कोठी कशी आहे असं विचारलं की मर्व्ह म्हणायचा, “उभी राहते.” त्याच्या तोंडून ‘वाईट नाही’ हे शब्द आजवर फार थोड्यांनी ऐकले होते. त्यातली एक त्याची मुलगी टॅम्सिन. सोळाव्या वर्षी तिने एकटीने पहिली कोठी वेल्ड केली, तेव्हा मर्व्ह त्या कोठीभोवती दोन चकरा मारून “वाईट नाही” म्हणाला होता. टॅम आता एकतीस वर्षांची झाली, अ‍ॅडलेडच्या गोदीत जहाजं जोडते, आणि अजून चारचौघांत ती गोष्ट सांगते.

तर मर्व्हला जागा हवी होती. कोठ्या दरवर्षी मोठ्या होत गेल्या आणि शेड होती तेवढीच राहिली. रंगकाम उघड्यावर चालायचं. वारा सुटला की ओल्या हिरव्या रंगावर शेजारच्या शेतातली निम्मी माती येऊन बसायची. कुंपणापलीकडचा प्लॉट नंबर दोन मिळाला तर रंगाची वेगळी शेड होणार होती, आणि तशी शेड झाली तर टॅम घरी यायचा विचार करणार होती. असं ती आईला म्हणाली होती. आता तिला पश्चिमेकडच्या एका खाणीतून नोकरी आली होती. चांगली नोकरी, तीन हजार किलोमीटर लांब. शुक्रवारी उत्तर द्यायचं होतं.

पण प्लॉट नंबर दोनवर पाटी होती : ‘राखीव’. बाहेरून कुणी मोठा कारखानदार येईल त्याच्यासाठी कौन्सिलने तो राखला होता. अकरा वर्षं राखला होता. आलं कुणी नाही, कांगारू तेवढे येत.

मर्व्हने मागितला नव्हता असं नाही. त्याच्या हिशेबाने त्याने तीनदा मागितला होता, आणि तिन्ही वेळा कौन्सिलने त्याला नकार दिला होता. पहिल्यांदा फुटबॉलच्या मैदानावर, सॉसेजच्या स्टॉलपाशी, त्याने मेयर आयव्हर लिंडनरला गाठून सांगितलं होतं, “दोन नंबरवर गवत फार वाढलंय रे.” चार दिवसांनी कौन्सिलचा माणूस येऊन गवत कापून गेला. दुसऱ्यांदा तो जास्तच पुढे गेला. म्हणाला, “ट्रक वळवायला जरा अडचण होते.” कौन्सिलने कोपऱ्यावर गोल आरसा बसवला. तिसऱ्यांदा, मागच्या वर्षी, त्याने मन घट्ट करून कौन्सिलच्या नव्या उद्योग-अधिकारी ब्रॉन्विन केस यांना थेट तोंडावर सांगितलं, “आमच्या शेडमध्ये थोडं दाटीवाटीने चालतं.” ब्रॉन्विन मेलबर्नची, वय चौतीस, उत्साह दोन माणसांचा. तिने दुसऱ्याच दिवशी ‘कामाच्या जागी सुरक्षितता’ या विषयावरची रंगीत पुस्तिका आणून दिली, बारा प्रती.

मर्व्ह घरी येऊन बायकोला म्हणाला, “संपलं. आता यापेक्षा जास्त पाय धरणं मला जमणार नाही.”

डॉट म्हणाली, “पाय धरलेस होय तू? मला वाटलं गवताची चौकशी करून आलास.”

डॉट ट्रेलोर कॅलाबिनच्या शाळेत तीस वर्षं शिकवत होती आणि नवऱ्याला अजून शिकवत होती. ती पुढे म्हणाली, “मला मागणी घातलीस तीही अशीच. आठवतंय? ‘डॉट, माझ्या गाडीतली पुढची सीट रिकामीच असते.’”

“तुला कळलं ना?”

“मला कळलं रे. मी इथली. पण सगळं जग काही तुझ्याशी लग्न करायला टपून बसलेलं नाही, की तू हं केलंस आणि त्यांनी ओळखलं. आणि टॅमला तरी काय सांगितलंस तू?”

“सांगितलं की. मागच्या रविवारी फोनवर म्हटलं, तुझं जुनं वेल्डिंगचं हेल्मेट अजून खुंटीला आहे.”

डॉटने कपाळावर हात मारला. “ती मला काय म्हणाली माहितीय? म्हणाली, आई, बाबाला मी यायला हवी असेन तर बाबा बोलेल.”

मर्व्हला वाटत होतं, आपण बोललोय.

मंगळवारी ब्रॉन्विन धावतपळत शेडमध्ये आली. तिच्या हातात फाइल, डोळ्यांत चमक.

“मर्व्ह, मासा लागलाय! पाओला देलूका. अ‍ॅडलेडला पाण्याच्या टाक्या बनवतात. त्यांची तिथली जागा जातेय. त्यांना दोन प्लॉट हवेत, चाळीस माणसं लागणार. गुरुवारी बघायला येताहेत. दोन आणि तीन नंबर देऊन टाकणार आपण!”

मर्व्हच्या हातातला पाना तसाच राहिला. मग तो म्हणाला, “बरं झालं.” मनात मात्र आलं, अकरा वर्षं कुणी फिरकलं नाही, आणि नेमकं शुक्रवारच्या आदल्या दिवशी!

“आणि तुम्हाला एक काम करायचंय,” ब्रॉन्विन म्हणाली. “वसाहतीत कारखानदार तुम्ही एकटेच. त्या तुम्हाला विचारणार, इथे कसं काय आहे. तेव्हा ते तुमचं ‘उभी राहते’, ‘चाललंय’ असलं काही चालणार नाही. मोकळेपणाने सांगायचं. अप्रतिम! उत्कृष्ट! जोरदार! असं.”

“असं कोण बोलतं?”

“सगळं जग बोलतं, मर्व्ह. मी मेयरनाही सांगितलंय. ते आरशासमोर सराव करताहेत.”

बुधवारी सकाळी चहाच्या टेबलावर डॉटने मर्व्हची शाळा घेतली.

“म्हण. धंदा जोरात चाललाय.”

“धंदा चाललाय.”

“जोरात.”

“अगं, ऑर्डरी पुढच्या मार्चपर्यंत भरल्यात, म्हणजे बरा चाललाय असंच म्हणायचं ना?”

“पुढच्या मार्चपर्यंत ऑर्डरी भरलेल्या माणसाने जोरात म्हणायला हरकत नाही. म्हण.”

“जो... जोरात.” मर्व्ह असा लाजला की त्याचं टक्कलसुद्धा लाल झालं. खिडकीबाहेर कुंपणावर बसलेले गुलाबी काकाकुवे त्याच क्षणी ओरडत उडाले. मर्व्ह म्हणाला, “बघ, त्यांनाही पटलं नाही.”

डॉट हसली, पण मग तिने त्याच्या हातावर हात ठेवला. “मर्व्ह, एक विचारू? उद्या त्या बाईने तो प्लॉट घेतला तर तू काय करणार?”

“स्वागत करीन. गावात चाळीस नोकऱ्या येतील, डॉट. माझ्यापायी त्या अडवू?”

एवढं मात्र खरं की त्या दिवशी मर्व्हने एकाच कोठीला दोनदा रंग दिला.

गुरुवारी दहाच्या चहाचा बेत मर्व्हच्या शेडमध्ये ठेवला होता, कारण वसाहतीत छप्पर तेवढं एकच. मेयरच्या बायकोने क्रीमचा केक पाठवला होता, बेकरीतून सॉसेज रोल आले होते. कौन्सिलच्या सात सभासदांपैकी पाच हजर होते. मासा बघायला आले होते की रोल खायला, ते सांगणं कठीण.

पाओला देलूका स्वतः गाडी चालवत आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पायांत कामाचे बूट. त्यांनी कुणाला बोलायची संधी न देता थेट प्रश्न सुरू केले.

“पाणी कसं आहे इथलं?”

“अप्रतिम!” मेयर आयव्हर म्हणाला. हा माणूस सहा फूट दोन इंच, बार्लीचा शेतकरी, आणि आयुष्यात हा शब्द तो पहिल्यांदाच उच्चारत होता. त्याच्या कानांच्या पाळ्या पेटल्या.

“वीज?”

“अप्रतिम!”

“कामगार मिळतात?”

आयव्हरने ब्रॉन्विनकडे पाहिलं. ब्रॉन्विनने मान हलवली. “ते पण अप्रतिम!” आयव्हर म्हणाला आणि केक कापायला वळला.

पाओलाबाईंच्या भुवया एकमेकींजवळ आल्या. त्या मर्व्हकडे वळल्या. “आणि तुमचा धंदा?”

मागे उभी असलेली डॉट ओठांनी त्याला शब्द पुरवत होती. “जोरात,” तो म्हणाला. मग स्वतःच्याच आवाजाने दचकून त्याने भर घातली, “उत्कृष्ट आहे.”

पाओलाबाईंनी वही मिटली. त्यांनी मर्व्हला कोपराला धरून बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, “आता खरं सांगा. इथे काय बिघडलंय?”

“काही नाही.”

“हे बघा, मी मिल्ड्युराकडची. माझा बाप चाळीस वर्षं द्राक्षं पिकवत होता. हयातीत एकदाच म्हणाला की पीक उत्कृष्ट आलंय, आणि त्या वर्षी तो गिऱ्हाइकाला मळा दाखवत होता, विकायला. या मुलखात तुमच्यासारखा माणूस उत्कृष्ट म्हणतो तेव्हा मी पाकीट सांभाळते.”

मर्व्हच्या छातीवरचा दगड उतरला. “सॉरी हं,” तो म्हणाला. “सांगितलं होतं तसं बोलायला.”

“बरं. मग ही कोठी कुणाची?” शेडच्या तोंडाशी एक गंजकी कोठी नव्या चाकांसाठी आली होती.

“आमचीच. दुरुस्तीला आलीय.”

“किती वर्षांची?”

“तेवीस. बापाच्या गॅरेजात केलेली.”

पाओलाबाई चक्क तिच्याखाली वाकल्या, सांध्यावरून अंगठा फिरवला. “गळते?”

“अजून तरी नाही.”

बाईंनी वही उघडली आणि पहिल्यांदाच काहीतरी लिहिलं. ब्रॉन्विन लांबून बघत होती. तिला काही अर्थबोध होईना. अप्रतिमवर पेन हललं नव्हतं, ते ‘अजून तरी नाही’वर चालायला लागलं होतं.

मग सगळे बाहेर कुंपणाशी आले. पाओलाबाईंनी हातानेच तेरा प्लॉट मोजले आणि मर्व्हला विचारलं, “तुम्ही इथे एकोणीस वर्षं आहात. मला सांगा, यातला सगळ्यात चांगला कुठला?”

आता आली पंचाईत. तेरांतला कुठलाही आकडा बोलला असता तरी कुणाला कळलं नसतं. दोन नंबरवर हिवाळ्यात पाणी साचतं, एवढं म्हटलं असतं की काम झालं असतं. मर्व्हने बुटाच्या टोकाने खडी उकरली. त्याला खुंटीवरचं हेल्मेट आठवलं. त्याने डॉटकडे पाहिलं; ती त्याच्याकडे बघतच नव्हती, मुद्दाम आकाशाकडे बघत होती.

“दोन,” मर्व्ह म्हणाला. आणि खोटं बोलायचा मोह झाला म्हणून स्वतःवरच चिडून त्याने जास्तीचंही सांगून टाकलं, “उतार बरोबर आहे, पाणी थांबत नाही. विजेची पेटी कोपऱ्यावरच. मोठा ट्रक एका झटक्यात वळतो. त्याच्यासारखा दुसरा नाही.”

चाळीस वर्षांत डॉटने त्याचं एवढं लांब भाषण ऐकलं नव्हतं.

पाओलाबाई मात्र त्याच्याकडे बघतच राहिल्या. “मग तो तुमच्या कुंपणाला लागून असताना तुम्ही का नाही घेतलात?”

“मागितला होता.”

“मग?”

“कौन्सिलने दिला नाही. तीनदा नाही म्हणाले.”

ब्रॉन्विनच्या हातातला सॉसेज रोल तोंडापर्यंत गेलाच नाही. “तीनदा? कधी? मर्व्ह, तुमचा एकही अर्ज माझ्याकडे नाही! मी स्वतः फाइल लावते!”

“तुला सांगितलं नाही का मी, शेडमध्ये दाटीवाटी होते म्हणून? तू पुस्तिका दिलीस.”

“मला वाटलं कुणाला तरी लागलंय! मी दोन दिवस काळजीत होते!”

“आणि त्याआधी ट्रकचं बोललो. मग आरसा आला.” मर्व्हचा आवाज तक्रारीचा नव्हता, तो झालेली गोष्ट सांगत होता. “आणि सगळ्यात आधी आयव्हरला म्हटलं, गवत फार वाढलंय.”

आयव्हरने हळूच डोक्यावरची टोपी काढली. तो इथलाच होता, तीन पिढ्यांचा. त्याला तरी कळायला हवं होतं, आणि आता कळलं तसं त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

“अरे लेका मर्व्ह... तू जागा मागत होतास?”

“मग काय करत होतो?”

“मी माणूस पाठवून गवत कापून घेतलं रे!”

“हो ना. मला वाटलं, सरळ तोंडावर नाही म्हणायला तुला जड जातंय, म्हणून असं केलंस. मी मनात म्हटलं, आयव्हर भला माणूस, किती सांभाळून नकार दिला.”

पाओलाबाई एवढ्या हसल्या की त्यांना कुंपणाचा खांब धरावा लागला. “माझा बाप!” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “अगदी माझा बाप! अहो ब्रॉन्विनबाई, या माणसाने तीनदा बोंब मारली तुमच्या दारात, आणि तुम्ही त्याला आरसा दाखवलात!” मग त्या एकदम कामाचं बोलायला लागल्या. “मला तीन आणि चार चालतील. पण माझ्या टाक्यांना लोखंडी स्टँड लागतात, आठवड्याला साठ. आता अ‍ॅडलेडला करून घेते, ते वाकतात. मला शेजारी हा माणूस हवा, आणि या दाटीवाटीत तो माझं काम करू शकणार नाही. दोन नंबर त्याला देता का बोला, म्हणजे मी बोलते.”

सभा सोमवारी होती. पण सातांतले पाच तिथेच उभे होते, आणि आयव्हर म्हणाला की सोमवारी पहिला हात त्याचा वर असेल, आणि दुसरा हातही चालत असेल तर तोही. ब्रॉन्विन धावत गाडीकडे गेली आणि अर्जाचा कागद घेऊन आली.

“लिहा,” ती म्हणाली. पोरीने ते मनाला फारच लावून घेतलं होतं. “आत्ता, इथे. आणि मर्व्ह, कृपा करून शब्दांत लिहा. गवताबद्दल काही नको.”

मर्व्हने गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला. नाव, पत्ता, प्लॉट क्रमांक. मग प्रश्न होता : ‘जागा कशासाठी हवी आहे?’ त्याने लिहिलं, ‘रंगकामासाठी.’ डॉटने खांद्यावरून वाकून वाचलं आणि नुसतं “हं” केलं. मर्व्हने बराच वेळ पेन हातात धरून ठेवलं. मग त्याखाली लिहिलं, ‘मुलीला घरी बोलवायचं आहे.’

ब्रॉन्विनने ते वाचलं, काही न बोलता कागदाची घडी घातली आणि फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवली.

पाहुणे गेले. शेडमध्ये केकचे तुकडे आणि डॉट उरली. डॉटने भिंतीवरच्या फोनकडे बोट दाखवलं आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

टॅमची जेवणाची सुट्टी चालू होती. मागे गोदीचा खडखडाट.

“कोण, बाबा? काय झालं?”

“काही नाही. पाऊस पडला काल. अर्धा मिलिमीटर.”

“बरं.”

“दोन नंबरचं गवत काढणार आहोत.”

“बरं,” टॅम म्हणाली. डॉटने घसा खाकरला.

मर्व्हने डोळे मिटले. “टॅम, ऐक. तो प्लॉट आपल्याला मिळतोय. रंगाची शेड होईल, काम पण वाढतंय. पण त्यासाठी नाही सांगत मी. तू इथे नसलीस की मला करमत नाही. बारा वर्षं झाली, मला करमत नाही. तू घरी ये. मला तू इथे हवी आहेस.”

“बाबा,” टॅम म्हणाली. तिचा आवाज घाबरा होता. “खरं सांग मला. डॉक्टर काय म्हणाले?”

“कुठले डॉक्टर?”

“तू असं कधी बोलत नाहीस. किती दिवस झाले हे कळून? आईला दे फोन!”

डॉटला फोनमधलं सगळं ऐकू येत होतं. तिने पुढे वाकून ओरडून सांगितलं, “तो ठणठणीत आहे गं! फक्त आज शहाणा झालाय!”

मर्व्ह म्हणाला, “मी बरा आहे, टॅम. मला नीट बोलता येत नाही, एवढाच आजार आहे. तुला खाणीतलीच नोकरी हवी असेल तर जा, माझी ना नाही. पण मी बोलावलंच नाही असं व्हायला नको होतं.”

मागचा खडखडाट ऐकू येत होता, आणि त्यात कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज.

“टॅम? कसं वाटतंय तुला? माझं म्हणणं?”

मग ती बोलली, तेव्हा तिचा आवाज पार चिरकला होता.

मर्व्हने फोन जागेवर ठेवला. तो हेल्मेटच्या खुंटीपर्यंत गेला, हेल्मेट काढलं आणि बाहीने त्याच्या काचेवरची बारा वर्षांची धूळ पुसायला लागला.

“अरे, काय म्हणाली?” डॉटने विचारलं. “मर्व्ह! काय म्हणाली ती?”

“‘वाईट नाही’ म्हणाली,” मर्व्ह म्हणाला. डॉट शेजारच्या उपड्या डब्यावर बसली आणि तोंडाला रुमाल लावून रडू लागली.